डब्बासर, लाइफ कोच

रस्त्यात कोणी भेटलं की लोक "काय चाललं?" असं विचारतात. डब्बासर "तुमचं ध्येय काय?" असं विचारत. चहावाल्याला, कंडक्टरला, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेल्या माणसाला. एकदा आठवडी बाजारात त्यांनी एका कांदेवालीला विचारलं. ती म्हणाली, "कांदे सरले का घरी जानं." सरांनी पुढच्या पाच वर्षांचं ध्येय विचारलं, तेव्हा तिने पाटी उचलली आणि दुसऱ्या ओळीत जाऊन मांडली.

दारव्ह्याला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान होतं. मी नुकतंच फार्मसीचं शिक्षण संपवून बाबांबरोबर काउंटरवर बसायला लागले होते. दुकानावरच्या खोलीत सर भाड्याने आले. त्याआधी ते एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवत. तासिका बंद झाल्या आणि सरांनी जिन्यापाशी पाटी लावली, 'लाइफ कोच'. आधी कबड्डीचा एक संघ चौकशी करून गेला. मग एक म्हातारे गृहस्थ मुंबईचं रिझर्वेशन मागायला आले, कारण कोच म्हणजे रेल्वेचा डबा हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तेव्हापासून त्यांचं नाव डब्बासर पडलं. सरांना राग आला नाही. "नाव ठेवतात म्हणजे दखल घेतात," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून टाय बांधू लागले. आमच्याकडच्या मे महिन्यात कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात. सर मात्र टायची गाठ सारखी करत जिना चढत.

सल्ला द्यायला परवाना लागतो का, या प्रश्नाने सरांना फार छळलं. त्यांनी बरीच चौकशी केली आणि लागत नाही असं कळलं. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. सर घाबरून खाली आले. "म्हंजे ताई, कोनीही उठून देऊ शकते?"

मग त्यांनी प्रमाणपत्रं जमवायला सुरुवात केली. नागपूरच्या कुठल्याशा हॉटेलात शिबिर असायचं. शनिवारी सकाळी माणूस शिकाऊ म्हणून आत जायचा आणि रविवारी जेवण आटोपून 'मास्टर' म्हणून बाहेर पडायचा. कागदावर सोनेरी शिक्का, मोठ्या अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय', आणि खाली सही. ती कोणाची, हे सरांनाही सांगता येत नसे. भिंत भरत गेली. कोपऱ्यात जागा उरली तेव्हा त्यांनी रक्तदानाचं प्रमाणपत्रही चौकटीत घालून तिथं लावलं. त्यावर रक्तगट छापलेला होता, बी पॉझिटिव्ह. मी हसले. सर गंभीरपणे म्हणाले, "हा नियतीचा संकेत आहे."

आमच्या दुकानात माझं नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं असे, कारण ते नसतं तर इन्स्पेक्टरने दुकानाला कुलूप ठोकलं असतं. सर कधीकधी त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. "तुमच्या एका कागदामागं सरकार उभं हाय," ते म्हणत. "माह्या भिंतभर कागदामागं नुसता चुना." शिकवण्याच्या थाटात असले की सर शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. मनातलं बोलायचं झालं की त्यांची वऱ्हाडी आपोआप सुटे.

ती कापसाची फार वाईट वर्षं होती. जिल्ह्यात कापूस कमी आणि सल्लागार जास्त पिकत होते. पाहणी करणारी पथकं यायची, टीव्हीवाले यायचे, बुवा यायचे, आणि मनोबल वाढवणाऱ्यांच्या तर गाड्याच्या गाड्या यायच्या. त्या हंगामात सरांनाही बोलावणी येऊ लागली. फुलसावंगीकडच्या एका गावात मी त्यांच्यासोबत गेले होते, आमच्या दुकानातर्फे औषधपेट्या द्यायच्या होत्या म्हणून. देवळापुढे माणसं बसली होती. सरांनी सगळ्यांना हात वर करायला लावले, मोठ्याने हसायला लावलं. लोक बिचारे हसले. पाहुण्याचा मान राखावा, अशी आमच्याकडे रीत आहे. हसून झाल्यावर एक आजी म्हणाली, "हासलो बावा. आता बोंडअळीचं सांग."

"आजी, खरी अळी मनात असते," सर म्हणाले.

"असन ना बापा. मंग माह्या मनात फवारा मार आन् मनातलाच कापूस येचून ने."

आता लोक खरोखरच हसले. सरही हसले. परतताना काळीपिवळी जीपमध्ये मात्र ते बराच वेळ टायचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

पुढच्या थंडीत जवळच्याच एका गावातल्या कमलाबाई आपल्या सुनेला, वनिताला, सरांकडे घेऊन आल्या. बाळंतपण झाल्यापासून सून बोलत नाही, झोपत नाही, लेकराला घेत नाही. दोन-तीन मांत्रिक करून झाले होते. दुकानासमोरून जाताना कमलाबाईंनी कोणाकडून तरी पाटी वाचून घेतली आणि जिना चढल्या. लेकरू त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. वरून सरांचा आवाज येत होता. "म्हणा, मी आनंदी आहे." मग वनिताचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. "मी आनंदी आहे." असं काही वेळ चाललं. नंतर सरांचा आवाज थांबला.

सर खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या कानाशी येऊन ते हलकेच म्हणाले, "ताई, ते पोरगी मले विचारून राह्यली, मी नसली त या लेकराले कोन पाह्यन. हे माह्या बसचं काम नाही वो. आता काय करू?"

बाबा म्हणाले, "यवतमाळला, मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. आणि तोवर तिला एकटी सोडू नका."

कमलाबाई अडून बसल्या. "पागलाच्या डाक्टरकडं? माही सून पागल हाय काय?"

"मावशी, मी जातो ना तिथं," सर म्हणाले. "माहीच आज तारीख हाय. सोबत चला."

ते कधीच तिथं गेले नव्हते. पण चौघं काळीपिवळीत बसली, लेकरासकट, आणि मीही गेले. यवतमाळला सरांनी खिडकीवर पहिली चिठ्ठी स्वतःच्या नावाची काढली आणि कमलाबाईंना घेऊनच आत गेले. डॉक्टर एक तरुण बाई होत्या.

"काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

सर सांगायला काही शोधू लागले. मग म्हणाले, "लोकायले सल्ले द्याची सवय हाय."

"कधीपासून?"

"नोकरी गेली तवापासून. गप्प बसलो का भेव वाटते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांना झोपेबद्दल, जेवणाबद्दल, घरात कोण आहे त्याबद्दल विचारलं. घरात कोणीच नव्हतं. सर सांगत गेले, सांगताना रडलेही. ते नाटक करायला गेले होते, आणि दारात उभ्या मला कळलं की नाटक केव्हाच संपलंय. कमलाबाईंनी हे सगळं पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि सुनेला पुढे केलं. "इचा बी नंबर घ्या बाई."

वनिताला दवाखान्यात ठेवून घेतलं. ती हळूहळू सावरली. उन्हाळ्यात ती लेकराला कडेवर घेऊन आमच्या दुकानात आली आणि औषध महाग आहे म्हणून माझ्याशी भांडली. बाबांना एवढा आनंद झालेला मी क्वचितच पाहिला.

सरांनी त्याच उन्हाळ्यात खोली सोडली. चाळिशी उलटलेले सर अमरावतीला वसतिगृहात राहून समाजकार्याच्या वर्गात पोरापोरींच्या शेजारी बसले. पहिल्या वर्षी एका विषयात नापासही झाले. विषय होता 'ऐकण्याची कौशल्ये'. गावाला ही बातमी पुढचा पूर्ण हंगाम पुरली.

ते पास झाले, मग मारेगावच्या बाजूला एका संस्थेत समुपदेशक म्हणून लागले. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, खऱ्या कागदानं काय फरक पडला?"

ते म्हणाले, "आधी वाटे, कागद भेटला का बोलाचा हक्क भेटते. चुकलो त कोनाले जाब द्या लागन, हे कॉलेजात शिकवलं. आता बोलाच्या आधी भेव वाटते."

बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. धीर धर, आईकडे बघ, जाणाऱ्याला अडवता येत नाही, असं प्रत्येक जण सांगत होता. दुपारी सर आले. टाय नव्हता, केस पिकले होते. माझ्या शेजारी सतरंजीवर बसले आणि काहीच बोलले नाहीत. माणसं येत राहिली, जात राहिली. उन्हं उतरेपर्यंत सर तिथंच बसून होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "बाबा तुले काय म्हनून हाका मारत?"

मी सांगायला लागले.