दोन नळ्यांवर एकच नंबर

महांतेश किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा तो पहिलीत होता. पुढची काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पोरगा डॉक्टर व्हावा म्हणून घरच्यांनी लातूरला क्लास लावला. ते जमलं नाही. मग तो कॉम्प्युटर शिकला आणि त्याच क्लासच्या गल्लीत, रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागला.

लॅबचा प्रोग्राम त्यानंच लिहिला. पेशंटचं नाव भरलं की डेटाबेस आपोआप नवा नंबर देई. तो नंबर छापून रक्ताच्या नळीला चिकटवायचा. मशीनचा रिझल्ट त्याच नंबरावर जाऊन बसे. कुठला नंबर मिळाला हे कळावं म्हणून प्रोग्राम नोंद झाल्यावर विचारायचा, सगळ्यात मोठा नंबर कुठला? खिडकी एकच होती तोवर उत्तर बरोबर यायचं.

एका पावसाळ्यात क्लासच्या हॉस्टेलची पोरं तापानं फणफणली. लॅबनं दुसरी खिडकी उघडली.

मुखेडच्या तारामतीबाईंची लेक मंजुश्री क्लासला होती. तिच्या रिपोर्टात प्लेटलेट फारच कमी आल्या, म्हणून तिला भरती केलं. दुसऱ्या दिवशी बाई लॅबमध्ये हजर.

"पोरगी बसून भाकर खाऊन राहिली, आन तुमचा कागद म्हणतो लई सीरियस. परत बघा की!"

परत तपासलं. मंजुश्रीचं रक्त ठीक होतं.

मग तो रिझल्ट कुणाचा? महांतेशनं नोंदी काढल्या. मंजुश्रीच्या लगेच आधीची नोंद इस्लापूरहून क्लासला आलेल्या जुबेरची होती, आणि तिच्यात रिझल्टच नव्हता. दोन्ही खिडक्यांवर एकाच वेळी नावं भरली गेली होती. जुबेरच्या खिडकीनं मोठा नंबर विचारला तोवर तो मंजुश्रीचा झालेला. दोन्ही नळ्यांवर तिचाच नंबर चिकटला. जुबेरची नळी मशीनमध्ये नंतर लागली आणि त्याचा रिझल्ट मंजुश्रीच्या रिझल्टच्या जागी बसला.

महांतेश तसाच उठून हॉस्टेलवर गेला. जुबेर चादर ओढून पडला होता.

"रिपोर्ट उद्या मिळंल म्हणले," तो क्षीण आवाजात म्हणाला.

महांतेशनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

लॅबचे मालक म्हणाले, "मशीन बिघडली म्हणून सांगू."

"मशीन बरोबर हाय सर. माझं चुकलं."

तारामतीबाईंनाही त्यानं तेच सांगितलं. त्या आधी भडकल्या. मग म्हणाल्या, "त्या लेकराची आई आली का?"

"न्हाई. वाटेत हाय."

आई येईपर्यंत त्या जुबेरपाशी बसल्या. काही दिवसांत तो बरा झाला.

महांतेशनं प्रोग्रामचा प्रश्न बदलला. मोठा नंबर कुठला, हे विचारणं बंद. या खिडकीनं आत्ता भरलेल्या नोंदीला कुठला नंबर दिला, एवढंच विचारायचं. डेटाबेसला हे पहिल्यापासून सांगता येत होतं. यानं कधी विचारलं नव्हतं.

जुन्या नोंदींत रिझल्टची जागा रिकामी असलेल्या आणखी काही निघाल्या. त्या लोकांना त्यानं स्वतः फोन केले. एक-दोघांनी शिव्या दिल्या. बाकीचे कधीच बरे होऊन अभ्यासाला लागले होते.