क्लेमची बीअर निवळेना

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर क्लेम ऑल्डरॉइडनं उभं आयुष्य बस चालवली. धुकं असो, बर्फ असो, मागं दारुड्यांनी दंगा घातलेला असो, त्याचा आवाज कधी चढला नाही. तोच माणूस निवृत्त झाल्यावर बीअरच्या बाटलीपुढं पार जेरीस आला.

नाक्यावरच्या पबमधली बीअर दिवसेंदिवस पाणचट होत चालली, म्हणून क्लेमनं घरीच करायला घेतली. चवीला झकास उतरली. पण बाटलीत भरल्यावर यीस्टचा गाळ खाली बसून ती निवळायला हवी, ती काही निवळेना. त्याच्या बायकोचा, विनीचा, भाऊ पर्सी दर रविवारी जेवायला यायचा आणि ग्लास खिडकीकडं धरून म्हणायचा, "क्लेम, हे प्यायचं की यात पाय सोडून बसायचं?"

पर्सीची स्वतःची बीअर काचेसारखी नितळ असे. चव मात्र भांडी विसळलेल्या पाण्याची.

क्लेमनं जिलेटिन घालून पाहिलं. माशाच्या पोटातल्या पिशवीची पूड मिळते, ती आणून घातली, तर विनीनं दोन दिवस स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकली. बाटल्या थंडीत शेडमध्ये ठेवल्या, तिथून जिन्याखाली आणल्या. रोज सकाळी चहाआधी क्लेम एकेक बाटली उचलून उजेडात धरायचा, तिरकी करायचा, पुटपुटत परत ठेवायचा.

एक दिवस विनीच्या हातातली इस्त्री थांबली.

"अरे, रोज उचलून हलवतोस, मग गाळ बसणार कसा?"

"हलवत नाही. बघतो."

"बघताना उलटी करतोस ती?"

"उलटी नाही, तिरकी! तुला यातलं काय कळतं?"

"मला एवढंच कळतं, की झोपलेल्या पोराला तू दर तासाला उठवून विचारतोयस, झोप लागली का म्हणून."

क्लेम चहा तसाच टाकून बागेत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्या उजेडात.

मग पुढची खेप बाटल्यांत भरली तेव्हा विनीनं डाव टाकला. तो केस कापायला गेला असताना तिनं सगळे खोके शेजारच्या ग्रीनवुडबाईंच्या तळघरात नेऊन ठेवले. क्लेम घरी येऊन बघतो तर जिन्याखाली नुसती केरसुणी.

"कुठं आहेत?"

"आहेत सुखरूप."

"विनी, माझ्या घरात माझ्याच बाटल्यांची चोरी?"

"जा, पोलिसात सांग. गढूळ बीअर चोरीला गेली म्हण."

शेवटी त्यानं माग काढलाच. पण ग्रीनवुडबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "विनीनं बजावलंय, तुला पायरीसुद्धा उतरू द्यायची नाही."

"बाई, फक्त एकदा बघतो!"

"तेच तर नको म्हणाली."

पुढचे काही आठवडे क्लेमनं बागेत इतकं खणलं की बटाटे लावायला मातीच उरते की नाही, अशी विनीला काळजी पडली.

वसंतात एका रविवारी तिनं खोके परत आणले. क्लेमनं पहिली बाटली श्वास रोखून ओतली, तळाचं बोटभर बाटलीतच ठेवलं. ग्लासातून पलीकडच्या चर्चच्या घड्याळाची तबकडी दिसत होती. पर्सीनं घोट घेतला, मान हलवली आणि दुसरी बाटली स्वतःच उचलून ग्लासात सपशेल उपडी केली. भळभळ सगळा गाळ वर.

"बघ! गढूळच आहे की!"

"अरे गाढवा, शेवटचं ओतायचं नसतं!" क्लेम असा ओरडला, की आयुष्यभर बस चालवताना साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं असावं. विनी हसता हसता खुर्चीवर बसली.

पुढची खेप क्लेमनं स्वतःच ढकलगाडीवर घालून ग्रीनवुडबाईंकडं पोचवली. भाडं म्हणून त्या दोन बाटल्या ठेवून घेतात. पितात मात्र तळासकट, बाटली चांगली हलवून. पोट साफ राहतं म्हणे. क्लेमला ते बघवत नाही. तो कुंपणाकडं पाठ करून उभा राहतो. पण बाईंना तो एक अक्षर बोलत नाही.