चंद्रीला हाक कुणी मारली?

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांच्या गोष्टींची मला भीती वाटत नाही, राग येतो. पुण्यात एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. पार्ट तुटला तर का तुटला ते शोधायचं, आणि 'माहीत नाही' हे उत्तर वरचे लोक कधीच घेत नाहीत. इथे लोक लिहितात ते अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात लिहिणाऱ्याशी भांडत असतो. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय, तेव्हा तुम्ही खुशाल भांडा.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, अगदी नदीकाठी. तिथून पुढे कर्नाटक लांब नाही. नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ते लोक तिथेच राहतात. पूर आम्हाला नवा नाही. मोठा पूर येऊन गेला की पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ लोक भिंतीवर ओढून ठेवतात, आणि पुढच्या खेपेला रेडिओ-टीव्ही काय सांगतात त्यापेक्षा त्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतात. रेघेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा हिशोब.

आमच्याकडे म्हशी असायच्या. आमच्या भागात म्हैस नुसती पाळत नाहीत, मिरवतात. पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मालक मोटरसायकलवर पुढे, आणि गर्दीतून म्हैस त्याच्या मागे धावत. दावं नाही, काही नाही, नुसत्या हाकेवर. प्रत्येक घराची हाक वेगळी. माझ्या वडिलांची म्हणजे दोन आखूड 'हुर्र' आणि मग लांबलचक 'येऽऽऽ'. ती हाक मीही शिकलो होतो. पण त्यांनी रेडकापासून वाढवलेली शेवटची म्हैस, चंद्री, माझ्यामागे एक पाऊल आली असेल तर शपथ.

वडील गेले. आईला मी पुण्याला आणलं आणि घर, गोठा, चंद्री सगळं अण्णांना विकलं. अण्णांचं कुटुंब सीमेपलीकडून आलेलं, लिंगायत, दुधाचा धंदा. माझ्या वडिलांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ताबा द्यायच्या दिवशी अण्णा आणि त्यांची बायको अक्का यांच्यासमोर मी ऐटीत चंद्रीला हाक मारून दाखवली. बाईसाहेब रवंथ करत उभ्या. अण्णा पोट धरून हसले होते. "तुझं ऐकत न्हाय की ही!"

त्यानंतर बरीच वर्षं मी गावात गेलो नाही. घर विकलं, संबंध संपला.

मग तो महापूर आला. टीव्हीवर आमची गल्ली दिसली... म्हणजे गल्लीच्या जागी पाणी दिसलं. आमच्या घराच्या कौलांचा फक्त कणा वर होता. बायको म्हणाली, बरं झालं वेळेत विकलं. तिला काय बोलू, माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. पण पुढच्या क्षणी वाटलं, त्या कौलांखाली आता अण्णा आणि अक्का राहतात. ताट बाजूला सारलं. फोन लावला, लागत नव्हता. दिवसभर कंपनीत बसून लावत राहिलो. हायवे बंद, सांगलीकडूनही वाट बंद.

रस्ता सुरू झाला त्याच दिवशी ऑफिसातल्या दोघांना घेऊन टेम्पोनं निघालो. पाणी, चादरी, औषधं आणि पेंडीची पोती. माणसांना बिस्किटं सगळे पाठवतात, जनावरांचं कुणाच्या ध्यानात येत नाही, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाव माळावरच्या शाळेत हललं होतं. मी टेम्पोतून उतरलो आणि लोक गोळाच झाले. कुणी पाठीवर हात फिरवतंय, एका म्हातारीनं तर कानशिलावर बोटं मोडली. म्हटलं, अजून पोती उतरली नाहीत आणि एवढं कौतुक? तेवढ्यात अक्का आली. ती मला तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ. माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली.

"तम्मा, तू आलतास म्हणून ह्यो माणूस जित्ता हाय."

मी म्हटलं, अक्का, मी आत्ता येतोय. ती म्हणाली, "आत्ताचं न्हाय. त्या दिशीचं म्हणत्ये मी."

त्या दिवशी काय झालं ते अण्णांनी सांगितलं. त्यांचा घसा पार बसला होता. पाणी वाढायला लागलं तसं बायकापोरांना बोटीतून माळावर नेलं. बोटीत म्हशी घेत नव्हते. अण्णा म्हणाले, मागच्या पुराची रेघ अजून हातभर वर हाय, मी राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ पाण्याखाली गेली. गोठ्यात छातीएवढं पाणी. त्यांनी सगळ्या म्हशींची दावी कापली, चंद्रीला पुढे घातली आणि तिचं शेपूट धरून निघाले. बाहेर पावसाची झड. ऊस बुडालेला, बांध बुडालेले, विजेचे खांब दिसेनात. माळ कुठल्या बाजूला, नदी कुठल्या बाजूला, काही कळेना. चंद्री एकाच जागी गोल फिरायला लागली. पाण्याची ओढ नदीकडे होती. अण्णांचे हात सुटत चालले होते.

आणि उजव्या अंगानं हाक आली. हुर्र, हुर्र, येऽऽऽ.

चंद्रीनं कान टवकारले, वळली, आणि सरळ पोहत गेली. बाकीच्या म्हशी तिच्यामागे. हाक परत आली, परत आली. अण्णांचे पाय माळाच्या रस्त्याला लागले तेव्हाच थांबली.

अक्का तेव्हा माळाच्या कडेला पाण्याकडे बघत उभी होती. तिनंही हाक ऐकली, अगदी जवळून, बाभळीमागून. तिला वाटलं पुण्याहून तम्मा आला. बाभळीमागे जाऊन बघितलं तर कुणी नाही. ती धरून चालली की मी अण्णांना ओढून काढायला पाण्यात उतरलो असणार. नंतर गडबडीत मी दिसलो नाही, पण सगळ्या शाळेत तिनं तेच सांगितलं होतं.

मी परोपरीनं सांगितलं. त्या दुपारी मी पुण्यात होतो, हे दोघे माझ्या शेजारच्या टेबलावर होते, विचारा. दोघांनी माना डोलावल्या. अण्णांनी पटांगणाकडे बोट केलं. मग म्हणाले, "मार बघू हाक."

चंद्री पटांगणात बांधलेली होती. मी हाक मारली. तिनं मान वर केली नाही. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. या वेळी हसले नाहीत.

"आवाज तुझाच हाय की. पण त्यो शेवटाला टक् करत हुता. जिभंनं. तू कुठं केलंस?"

माझ्या अंगावर काटा आला, तो लिहितानाही येतोय. हाक संपली की जीभ टाळूला लावून टक् करायची सवय माझ्या वडिलांना होती. मला ते कधीच जमलं नाही. ताबा द्यायच्या दिवशी मी मारलेल्या हाकेत टक् नव्हता, आणि आजच्या आधी अण्णांनी माझी हाक ऐकली ती तेवढीच. वडिलांचा आवाज आणि माझा आवाज फोनवर आईलाही वेगळा ओळखू यायचा नाही. पण अण्णांनी त्यांचा आवाज ऐकलेलाच नाही.

माझ्यातला क्वालिटीवाला लगेच कामाला लागला. माळावर त्या दिवशी कोण कोण होतं, सगळ्यांना विचारलं. आमची हाक मारता येणारं दुसरं कुणी गावात नाही. अण्णांना बुडताना भास झाला असं धरलं, तर अक्काला का झाला? आणि समजा दोघांनाही झाला, तर चंद्री कशाच्या मागे गेली? मी दमलो आणि पायरीवर बसलो. वडिलांची एवढ्या जोरात आठवण त्यांच्या दहाव्यालाही आली नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना.

अक्कानं चंद्रीची धार काढली आणि फेसाचा पेला माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, अक्का, हे मला नको देऊ, मी काही केलं नाही.

"तुझ्या बाचं आसंल तर त्येच्या लेकानं घ्यायचं," ती म्हणाली. "आन् कुणाचंच नसंल, तरी उपकार कुणाचं तरी मानायलाच लागत्यात की, तम्मा. मानल्याबिगर झोप कशी लागायची?"

मी दूध प्यालो. उठून, उभ्यानंच, गरम गरम.

आता अण्णांचा दर आठवड्याला फोन येतो. घर पाडून जोतं उंच करून बांधतायत, चंद्री गाभण आहे, असं काहीबाही मोठमोठ्यानं सांगतात. त्यांचा 'हॅलो' ऐकला की मी आधी मनात आभार मानतो, मग बोलतो. कुणाचे मानतो, ते मला अजून सांगता येत नाही.