दादाचा हात लागला की

आमच्या घरात एखादी वस्तू बंद पडली की तिला मार बसतो. ही पद्धत बाबांची. भिवंडीजवळ राहनाळला आमच्या घरामागच्या शेडमध्ये त्यांचे कापडाचे लूम होते. लूम अडला की ते त्याला अशी एक लाथ घालायचे की तो मुकाट्याने खटाखट चालू व्हायचा. बाबा गेले, लूम भंगारात गेले, शेड गोडाऊनवाल्याला भाड्याने दिली. लाथ मात्र घरातच राहिली. ती दादाकडे आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचे दोन टेम्पो आहेत, कशेळीपासून इकडे गोडाऊनचा माल वाहतात. आमच्या टीव्हीच्या कडेला त्याच्या मुठीचा खळगा आहे. पाण्याची मोटर चालू होईना म्हणून त्याने तिच्यावर पाना हाणला, मोटर फुटली, आणि आम्ही हंड्याने पाणी भरत बसलो तर वर आमच्यावरच ओरडला. मिक्सर खिडकीतून बाहेर गेला. वहिनी भांडणानंतर बोलेनाशी व्हायची, तोंडच उघडायची नाही, तर तिलाही त्याने तसंच चालू करायला घेतलं. कानाखाली एकच बसली, डाव्या कानाचा पडदा फाटला. ती शेलार गावाला माहेरी गेली ती गेलीच. दादा गावभर सांगत फिरला, बायको नाटकी हाय.

हे सगळं आधीच सांगते, कारण लॅपटॉप सारखा बंद पडायचा असं म्हटलं की लोक लगेच म्हणतात, बॅटरी गेली असेल. बॅटरी ठणठणीत होती हो.

लॅपटॉप माझा, माझ्या पगारातला. मी गोडाऊनमध्ये बिलिंगला आहे. कुठल्या गाडीत कुठला माल, कुठे जाणार, त्याचं ई-वे बिल काढायचं. बिल नसेल तर गाडी गेटबाहेर पडत नाही. उरलेलं काम मी घरी आणते. बिनलग्नाची मुलगी रोज सकाळी चप्पल घालून उंबऱ्याबाहेर पडते ती या यंत्राच्या जोरावर. तो बंद, तर मी बंद. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, दादाला सगळ्यात जास्त.

तोही आपल्या टेम्पोंची बिलं त्याच्यावरच काढायचा. मी काढून दिली असती, पण साहेबांना स्वतःच्या हाताने करायचं असतं. दोन बोटांनी टाइप करणार आणि डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्टीवर गच्च टेकवून ठेवणार, जसा काही लॅपटॉप उठून पळणार आहे.

गेल्या राखीला मी त्याला कडं बांधलं. बीपी वाढलेलं, गोळ्या घेत नव्हता, सकाळी उठल्यापासून डोळे लाल. बाजारात एका गाडीवर चुंबकाच्या काळ्या मण्यांचं कडं मिळालं. विकणारा शपथेवर सांगत होता, बीपी उतरता है, गुस्सा ठंडा होता है. मी त्याला लाल दोरा गुंडाळला आणि तेच राखी म्हणून त्याच्या डाव्या मनगटात घातलं, कारण उजव्यात घड्याळ होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. माझा भाऊ दगड नाही. लहानपणी मला डबलसीट शाळेत सोडायचा आणि माझी वेणी ओढणाऱ्या पोराचे दोन दात त्याने पाडले होते. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, ते दात बघून.

"मरेपर्यंत काढनार न्हाय," दादा म्हणाला आणि नारळीभाताच्या ताटावर बसला.

त्यानंतर काही दिवसांतच लॅपटॉपने पहिला दगा दिला. दादा बिल भरत होता, अर्धं झालं होतं, आणि स्क्रीन काळी ठिक्कर. त्याने वरून एक थाप मारली. मी चालू करून दिला, तो परत बसला, परत काळा. यावेळी थाप नव्हती, गुद्दा होता. एक बटण उडून आईच्या वाटाण्याच्या टोपलीत पडलं. मग मी बसले आणि सबंध बिल काढलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

"तू काय केलंस?" त्याने विचारलं.

"काही नाही, बिल काढलं."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या हाताखाली गरीब गाय, दादाचा हात लागला की मेला. तुम्हीच सांगा, असं यंत्र बघून माणूस काय समजेल? दादा समजला की मी आत काहीतरी करून ठेवलंय. त्याने बघू नये म्हणून.

"कोन हाय?" एक दिवस त्याने एवढंच विचारलं. आवाज अगदी खाली होता. त्याचा खालचा आवाज मला वरच्यापेक्षा वाईट वाटतो.

"कोण म्हणजे?"

"ज्याच्याशी बोलतंस तो."

कोणी नव्हतं. असता तर निदान मार खाल्ल्याचं चीज तरी झालं असतं. मी नाही म्हणाले तर त्याने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि तोंड स्क्रीनपाशी नेलं. "दाखव. उघड एकेक." मी उघडलं. बिलं, गाड्यांचे नंबर, एक अर्धी बघितलेली मालिका. तो स्वतः पुढे सरसावला, हात टेकवला आणि स्क्रीन काळी. मला रडू आलं ते वेणीने नाही, त्या स्क्रीनच्या नालायकपणाने.

त्यावर त्याने निकाल दिला. एकदाच दुरुस्त करून आण. त्यानंतर माझ्या हातात बंद पडला तर त्याचे तुकडे करीन आणि तुझं गोडाऊन बंद. आईने कांदा चिरता चिरता मान खाली घातली. आमच्यात मोठं काही झालं की आई कांदा चिरते.

आम्ही भिवंडीत दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दादा बरोबर आला, मी काही पढवू नये म्हणून. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, पंख्यातून रुईचा बोळा काढला, चिमणीने घरटं केल्यासारखा. आमच्याकडे सगळ्यांच्याच यंत्रांत ती निघते, लूमच्या गावची हवाच तशी आहे. त्याने पंखा साफ केला, नवी बॅटरी लावून बघितली, विंडोज नव्याने टाकलं. लॅपटॉप त्याच्या टेबलावर अख्खी दुपार चालला.

"मशीन एकदम ओके है मॅडम," तो म्हणाला.

दादाने तिथेच उभ्या उभ्या कीबोर्डखालच्या पट्टीवर हात टेकवून दोन अक्षरं टाइप केली. खलास.

दुरुस्तीवाला हसला. बिचाऱ्याला काय माहीत. तो म्हणाला, "भाई, आपका हाथ भारी है." दादाने त्याची कॉलर धरून त्याला काउंटरवरून अर्धा बाहेर ओढला आणि स्क्रूचा ट्रे त्याच्या अंगावर उलटा केला. "इसने सिखाया तेरेको? बोल, इसने सिखाया?" तो माणूस नाही नाही करत होता, त्याचा ओठ काउंटरच्या काचेवर आपटून फुटला, आणि शेजारच्या दुकानातले चौघे धावून आले तेव्हा कुठे सुटका झाली. मी रस्त्यावर बसून लॅपटॉप पिशवीत भरला. सगळा बाजार बघत होता. मला दादाची लाज वाटली आणि इतका राग आला की हातातला चार्जर त्याच्या पाठीत घालावा. घातला नाही.

मग माझा शोध सुरू झाला. दादा टेम्पो घेऊन गेला की मी त्याच्या जागेवर बसायची. त्याचीच खुर्ची, त्याचाच प्लग, त्याची दोन बोटं. डावा हात दाबून टेकवला. उशीवर ठेवून तापवला. मुद्दाम दोनदा आपटलासुद्धा. काही नाही, सुरळीत चालू. माझं डोकं फिरायची वेळ आली. एकदा तर वाटलं, या यंत्रालाच दादाची भीती बसली असेल. आम्हा सगळ्यांना बसलीय, त्याला का बसू नये?

उलगडा झाला तो जेवताना. दादाचं भाडं चांगलं झालं होतं, ताटात तळलेले बोंबील होते, स्वारी खुशीत होती. त्याने वाढायचा चमचा उचलायला डावा हात नेला तर चमचाच उडी मारून कड्याला चिकटला.

"आयला, बघ गं आई! हिची राखी चमचे चोरते," तो हसत सुटला. चमचा काढायचा, चिकटवायचा, परत काढायचा. आईही हसली. माझा घास तोंडातच राहिला.

तो अंघोळीला गेल्यावर मी फ्रिजवरचा आंबा काढला. रंगीत आंबा असतो ना, मागे चुंबक लावलेला, तो. लॅपटॉप चालू करून कीबोर्डच्या खालच्या पट्टीवरून तो हळूहळू सरकवत नेला. दादाचा हात जिथे टेकतो तिथे आंबा पोचला आणि स्क्रीन गेली.

लॅपटॉपच्या झाकणात चुंबक असतं. झाकण खाली आलं की आतल्या यंत्राला ते कळतं. दादाचं कडं त्या जागी आलं की लॅपटॉपला वाटायचं, झाकण लागलं. बस्, एवढंच. ना भूत, ना व्हायरस, ना कुठला पोरगा. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठीच मारली.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगू नको."

"अगं, वेडी आहेस का? पुरावा आहे माझ्याकडे!"

"राखी भैनीनं उतरवायची न्हाय. आनि त्याला पुरावा नको असतो, बाय."

मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, एकदा खरं कारण हातात आलं की माणूस शांत होतो. बिलाचा घोळ सापडला की गेटवरचा ड्रायव्हर होतो तसा.

दुसऱ्या दिवशी तो बिल काढायला बसला तेव्हा मी समोर उभी राहिले. "दादा, आता बंद पडेल. का पडतो ते बघ." आंबा ठेवला, बंद. परत चालू करून त्याचा हात धरून ठेवला, बंद. "आता कडं काढ." त्याने कडं काढून उजव्या मुठीत घेतलं आणि नुसता डावा हात टेकवला. लॅपटॉप चालूच राहिला. त्याने कडं डाव्या मुठीत घेऊन परत जवळ नेलं, बंद. दूर नेलं, चालू करून बघितलं, राहिला.

"च्यायला," तो म्हणाला आणि पोरासारखा हसला. मीही हसले. माझ्या अंगावरून कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. मला वाटलं, सुटले.

मग त्याचं हसू थांबलं. माझा भाऊ बुद्दू नाही, हेच मी विसरले होते.

"पन झाकन लागलं तर लागलं," तो म्हणाला. "शेठच्या हाफिसातला लॅपटॉप झाकन लावल्यावर झोपतो. उघडला की हाय तिथंच असतो. तुझा मरतो कशापायी?"

"मी तसं सेटिंग केलंय, नवं विंडोज टाकल्यावरही परत केलं. झाकण लागलं की पूर्ण बंद."

"कशाला?"

आईची सुरी कांद्यावर थांबली. मला काहीही सांगता आलं असतं, ऑफिसचा नियम आहे म्हणून. पण मी दमले होते. वहिनी गेल्यापासून त्याच्या टेम्पोचा आवाज आला की मी झाकण खाली आपटत होते, आत काही नसताना.

"तू आलास की बंद करायला," मी म्हणाले. "आत काही नसतं दादा. मला तुझी भीती वाटते."

त्याने मारलं. उजव्या हाताने. माझ्या डाव्या कानात काहीतरी फुटलं आणि सगळं घर एका बाजूला पाण्याखाली गेलं. डाव्या मुठीतलं कडं त्याने भिंतीवर फेकलं, दोरा तुटला, मणी फरशीवर उडाले. मग त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मी हात आडवे धरले. त्याने माझ्या पोटात लाथ घातली, बाबा लूमला घालायचे तशीच, आणि मी कपाटावर आदळले.

आई कधी उठली ते मला दिसलं नाही. दिसलं तेव्हा ती आमच्या मधे होती, दादाच्या छातीपर्यंत जेमतेम पोचणारी, आणि तिच्या हातात कांद्याची सुरी होती.

"ठेव खाली," ती म्हणाली.

"आई, बाजूला हो."

"ठेव. न्हायतर हितंच भोसकीन. मी जन्माला घातलाय, मीच नेईन."

सुरीचं टोक त्याच्या बनियनला लागलं होतं. तिथे रक्ताचा लहानसा ठिपका उमटला. दादाने लॅपटॉप टाकून दिला, कोपऱ्यावर पडला, कोपरा फुटला. आईने तो डाव्या हाताने उचलला, पदराने पुसला, पिशवीत घातला. सुरी तशीच होती. "जा," ती मला म्हणाली. "सुनेकडं जा शेलारला. मागं बघू नको." दादा भिंतीला टेकून रडत होता. राखी तोडलीस, राखी तोडलीस, असं काहीतरी म्हणत होता. मला उजव्या कानाने ऐकू येत होतं.

त्याला आता बरेच दिवस झाले. मी वहिनीच्या माहेरी राहते. गोडाऊन चालू आहे, लॅपटॉप फुटक्या कोपऱ्यासह चालू आहे. सेटिंग मी बदललं, झाकण लावलं तरी तो बंद होत नाही. वहिनीचा डावा कान गेला, माझाही डावाच. रस्त्याने चालताना दोघींनाही दुसरी उजवीकडे हवी असते, त्यावरून आम्ही रोज भांडतो आणि घरी आल्यावर समोरासमोर बसून बोलतो.

परवा आईचा फोन आला. ती बरी आहे, दादा तिच्याशी आवाज चढवून बोलत नाही. सुरी उशाशी असते, म्हणाली. मग म्हणाली, राखी जवळ आलीय, त्याला तुझ्याशी बोलायचंय, देऊ का? मी नको म्हणायच्या आत तिने फोन दिलासुद्धा. दादाने नाक ओढलं आणि माझ्या लहानपणीच्या नावाने हाक मारली.

मी फोन डाव्या कानाला लावला आणि त्याचं बोलून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.