अर्धं झाकण टॉनिक

शेठच्या घरी वरच्या खोलीत जी रोपं होती, ती किडे खायची. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासू म्हणाली, "मंग शेठले म्हना, आमच्या वावरात आनून लावा." एवढं शहाणपण त्या घरात कोणालाच सुचलं नव्हतं.

आमच्या उंद्री गावच्या बाजारात खाली शेठचं कृषी केंद्र आणि वर घर. बियाणं, खत, फवारणीचं औषध, आमच्या घरी सगळं तिथूनच यायचं. कपाशीच्या बियाण्याबरोबर एक लहान पुडी मिळायची. ती साध्या कपाशीची. शेताच्या काठानं लावायची, म्हणजे अळी तिच्यावर राहते आणि आतल्या बीटी कपाशीचं विष पचवायला शिकत नाही, असं म्हणतात. लोक तिला रेफ्युजी म्हणायचे. शेठनं ती आमच्या हातात देताना म्हटलं होतं, "हे फेकून देल्लं तरी चालते. कोन लावते? उगी वावरातली तासं अडकते." आम्ही फेकली.

मग बोंडअळी आली. आमचे हे फुटकी बोंडं पिशवीत भरून दुकानात गेले. मीही मागं उभी होते. शेठनं बोंड हातातसुद्धा घेतलं नाही.

"रेफ्युजी लावली होती काय?"

"नाई."

"मंग मले काऊन इचारता? कंपनीनं पुडी कायले देल्ली होती?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. पुडी फेकायला कोणी सांगितलं, ते मी माझ्या कानानं ऐकलं होतं. दुकानात सात-आठ माणसं होती. मी पदर तोंडाशी धरला आणि खाली पाहत राहिले. माणसांपुढं माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून नाही. पण त्या दिवशीची माझी मलाच किळस आहे.

कपाशीची पऱ्हाटी उपटून ढोरांपुढं टाकली आणि मी त्याच शेठच्या घरी धुण्याभांड्याला लागले. दुसरीकडं काम नव्हतं.

शेठची सून पुण्याची. ती मला मावशी म्हणायची आणि मी 'मले' म्हटलं की हसू दाबायची. दाबलेलं हसू दिसतं, हे पुण्यात कोणी शिकवत नसावं. तिनंच ती रोपं आणली होती. वरच्या खोलीच्या खिडक्या बंद. लोखंडी मांडणीला तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर लांब एलईडी नळ्या. बाहेर उन्हानं डोकं फुटतं आणि आत दिव्यानं झाडं वाढवायची. नळ्या सकाळी आपोआप लागायच्या आणि संध्याकाळी आपोआप विझायच्या. लाइन गेली तर इन्व्हर्टर होता. आमच्या विहिरीवरची मोटार लाइनची वाट पाहत बसायची. ही रोपं कधी अंधारात बसली नाहीत.

वरच्या दोन कप्प्यांत किडेखाऊ, खाली ऑर्किड. एकाच्या पानांना तोंड होतं, दातांसकट. एकाच्या केसांवर डिंकासारखे थेंब. एकाला लोंबत्या सुरया. सून पट्टीनं दिव्याचं अंतर मोजायची, मी वितीनं. डिंकवालीला दिवा एक वीत, मग ती लाल व्हायची आणि थेंब धरायची. दूर ठेवली की हिरवी, लांबट आणि आळशी. ऑर्किडला दोन विती, नाही तर पान पिवळं. महिन्याभरात माझी वीत तिच्या पट्टीला चुकेना. तेव्हा तिनं पाणी घालायचं काम माझ्याकडं दिलं.

पाणी नळाचं नाही आणि बोअरचंही नाही. पावसाचं साठवलेलं, ते संपलं की बॅटरीत टाकतात ते, कॅनमधलं. आम्ही घरी क्षार आलेलं पाणी पितो, हंड्याला आतून चुना धरतो. ही रोपं बॅटरीचं पाणी प्यायची. आणि खत अजिबात नाही, हे सुनेनं मला चारदा बजावलं. "त्यांची मुळं जळतात मावशी. त्यांचं जेवण म्हणजे किडा."

बंद खोलीत किडा कुठून येणार? तो मी आणायचा. शिकाऱ्यांच्या तोंडात घास घालायला बाई ठेवलेली. एकदा मी शेजारच्या शेतात उरलेल्या किडक्या बोंडातली गुलाबी अळी डबीत घालून नेली. सुनेनं चिमट्यानं तोंडात सोडली. तोंड मिटलं. आठ दिवसांनी उघडलं तेव्हा आत नुसतं साल होतं. सुनेनं टाळ्या वाजवल्या. एका अळीला आठ दिवस! मी सालाकडं पाहिलं आणि केर काढायला घेतला.

एका दुपारी सून चिखलीला गेली होती. शेठ हातात बाटली घेऊन वर आले. टॉनिकची बाटली, दुकानात सगळ्यात जास्त खपायची तीच. कपाशीला, सोयाबीनला, मिरचीला, कोणी काही विचारो, शेठ हीच बाटली काढायचे.

"उपाशी मारून राह्यली पोरगी झाडायले," ते म्हणाले. "नुसत्या पान्यावर कोनी जगते काय?"

माझ्या पाण्याच्या डब्यात त्यांनी अर्धं झाकण टॉनिक ओतलं, बोटानं ढवळलं आणि तिन्ही कप्प्यांत स्वतः घातलं.

"वहिनीनं खत नाई सांगतलं जी," मी म्हटलं. खरं तर पुटपुटले.

"किती शिकली तू?"

"चौथी."

"मंग?"

मी पुन्हा खाली पाहिलं. सुनेलाही सांगितलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेपुढं कसं घ्यायचं, असं मनाला सांगितलं. ती सबब होती.

आठ-दहा दिवसांत तोंडं काळी पडली. डिंकवालीचे थेंब वाळले, सुरयांच्या कडा कागदासारख्या झाल्या. मी मधल्या मधे चांगलं पाणी बदलून पाहिलं, उपयोग झाला नाही. सून खोलीत बसून रडली. आमच्या गावात त्या साली पीक गेलेल्या घरांतही मी एवढं रडू पाहिलं नव्हतं. मग ती उठली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बोअरचं पाणी घातलं. कंटाळा केलात. खरं सांगितलं असतंत तर मी रागावले नसते."

तिची सासू म्हणाली, "महिना भरला की येऊ नको." शेठच्या घरच्या ओळखीनं पुढं खालच्या आळीतल्या दोन घरांतही मला काम मिळालं होतं. तिथं दुसऱ्या दिवशी विचारलं, "शेठच्या सुनेची झाडं तूच मारली का?" एकीनं तर मी तिच्या तुळशीला पाणी घालायला गेले तेव्हा हातातला तांब्या काढून घेतला. तुळशीचा तांब्या! तेव्हा मला कळलं की शेठचं घर सुटलं तर बाकीचीही सुटणार.

ऑर्किडला मात्र काही झालं नव्हतं. ते थोडं खत सोसतं. त्याची फुलाची दांडी टॉनिकच्या आधीच निघाली होती, मीच तिला काडी बांधली होती. आता तिच्यावर पाच जांभळी फुलं आली. शेठनं कुंडी उचलून खाली काउंटरवर ठेवली आणि शेजारी टॉनिकच्या बाटल्या रचल्या.

महिना भरायला दोन दिवस राहिले होते. मी कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरत होते. बादलीत ती काळी रोपं होती. जिन्याचं दार दुकानातच उघडतं. पेरणी तोंडावर, दुकान भरलेलं.

"पाहा," शेठ फूल दाखवत होते, "बंद खोलीत, बिना उन्हाचं. अर्धं झाकन देल्लं मी माह्या हातानं, पंधरा दिवसात हे असं! ते नुसतं दिव्यावर येते, तं तुमची पऱ्हाटी उन्हात हाय."

मला वाटलं, पाय जिन्यातच थांबले आहेत. पण ते काउंटरपर्यंत गेले. मी बादलीतली एक कुंडी काढून ऑर्किडच्या शेजारी ठेवली. काळी तोंडं आ वासलेली.

"शेठजी," मी म्हटलं, "याले बी त्याच डब्यातलं देल्लं होतं नं तुमी?"

शेठ म्हणाले, "बाई, तू वर जा."

"देल्लं होतं नं?"

"हाव, देल्लं असन. त्याचं काय?"

मागून एक म्हातारा पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "त्याले रेफ्युजी लावली नसन, शेठ."

मग जे हसणं उठलं, तसं हसणं मी त्या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. मागं वळले तर जिन्यात सून उभी होती.

वर गेल्यावर ती म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तं सांगतलंच, बोअरचं घातलं म्हनून."

चूक झाली, असं ती म्हणाली नाही. खोलीला कुलूप आणलं, एक किल्ली स्वतःकडं ठेवली, एक मला दिली. तिच्या सासूनंही महिन्याचा विषय पुन्हा काढला नाही. तांब्या काढून घेणारीनं मात्र दुसऱ्या दिवशी हसून चहा विचारला. मी घेतला नाही.

ऑर्किडची फुलं औषधांच्या वासात आठवड्यात गळली. मी काडी बांधलेली नुसती दांडी शेठनं काउंटरवर तशीच ठेवली आणि ते बाटल्या विकत राहिले. लोक हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनी बाटल्या नेल्या. आमच्या दिरानंही एक नेली.

फवारणीला पाणी वाहायचं काम आमच्याकडं बायांचं. मी घागर घेऊन बांधावर गेले, तर दीर पंपात झाकणानं टॉनिक ओतत होता. मी म्हटलं, "भावजी, त्यानं काई होत नाई. मी पाह्यलं हाय."

तो हसला. "वहिनी, तुमी चौथी शिकल्या. शेठ काय येडा हाय?"

मी घागर तिथंच बांधावर ठेवली. "मंग पानी बी शेठलेच आनाले सांगा," म्हटलं आणि घरी आले.