राखेच्या सात रेषा

आयुष्यात मी एकदाच काहीतरी नवीन शोधलं आणि ती निघाली राख. हे मी निवृत्तीच्या समारंभात बोलणार होतो, पण तिथं लोक हार आणि श्रीफळ घेऊन इतके गंभीर बसले होते की जीभ आवरली. कागदावर लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि मी पुण्यात पीएच.डी. करत होतो. काम असं, की हवा उपसून काढलेल्या एका पात्रात धातूच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांच्यात विजेची जबर ठिणगी पाडायची. त्या ठिणगीत अणूवरचे इलेक्ट्रॉन एकामागून एक सुटतात. पाच सुटले, सहा सुटले, की उरलेला अणू जो प्रकाश देतो तो नेहमीच्यापेक्षा अगदी निराळा असतो. तो प्रकाश काचेच्या प्लेटवर घ्यायचा, प्लेट धुवायची, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिच्यावरच्या एकेका काळ्या रेषेची जागा मोजत बसायचं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक झाली तरी दिवस वाया जायचा. एका प्लेटीला तीन-तीन आठवडे लागत.

एवढं बैठं काम, आणि माणूस मी असा, की घरात मला कुणी बस म्हणायच्या भानगडीत पडत नसे. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणायचा, ह्याच्या बुडाला काटं हायेत. खरंच होतं ते. पुण्यात असलो की वाटायचं, गावी मुळशीला जावं. मुळशीला आलो की दुसऱ्या दिवशी सकाळपासून परतीच्या एस.टी.ची वेळ विचारायला लागायचो. आमची चांगली भातखाचरं माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्यात गेली होती. उतारावर जी चार उरली, ती दादा आणि वहिनी करत. मी आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायचो, दोन दिवस चिखलात वाकायचो, आणि माझ्या हातनं एक ओळ धड सरळ लागायची नाही. वहिनी माझ्या मागनं येऊन रोपं नीट करायची आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. दादा बोलायचा, आणि पुष्कळ बोलायचा.

त्या वर्षी माझा धातू होता कथील. प्रयोगशाळेचा पंप आम्ही चौघं पाळीपाळीनं वापरायचो आणि माझी पाळी सोमवारपासून होती. आदल्या आठवड्यात सुट्ट्या आल्या, वर्कशॉप बंद, म्हणून कथलाच्या कांड्या मी पिशवीत घालून घरी आणल्या आणि ओट्यावर बसून कानशीनं त्यांना आकार दिला. काम झालं, पण कांड्या काळपट आणि खरबरीत दिसत होत्या. बारीक पॉलिश पेपर पुण्यात राहिला होता. वहिनी अंगणात भांडी घासत होती. मी कांड्या तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हणालो, वहिनी, ह्या जरा लख्ख करून द्या. तिनं एक कांडी हातात घेऊन वाकवून बघितली, हे तर कल्हईचं कथील हाय म्हणाली, आणि दहा मिनिटांत सगळ्या कांड्या आरशासारख्या करून दिल्या. मी त्या पाण्यानं धुतल्या, पुण्यात स्पिरिटनं पुसल्या आणि यंत्रात लावल्या. मनात म्हणालो, वर्कशॉपच्या मिस्त्रीलाही असं जमलं नसतं.

त्या कांड्यांनी मला सात रेषा दिल्या. कथलाच्या छापील यादीत त्या नव्हत्या. आधीच्या कुणाच्या प्लेटीवरही नव्हत्या. माझ्या हिशेबानं कथलाचे बरेच इलेक्ट्रॉन सुटल्यावर साधारण त्याच भागात काही रेषा यायला हव्या होत्या. आकडे अगदी जुळत नव्हते, पण जुळल्यासारखे होते, आणि सत्ताविसाव्या वर्षी माणसाला तेवढं पुरतं. मी लेख लिहिला. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो तीनदा तपासला आणि परदेशी नियतकालिकाकडं धाडला. त्याची एक प्रत त्यांनी स्वीडनमधल्या एका प्राध्यापकांना पाठवली, कारण ह्या विषयात तिथली प्रयोगशाळा म्हणजे शेवटचा शब्द. त्यांचं उत्तर आलं, की सात रेषा फार रोचक आहेत, लेख छापून आला की ह्या तरुणानं दोन वर्षं आमच्याकडं यावं, जागा ठेवतो.

झालं! माझ्या पायाला भिंगरी लागली. गरम कोट कुठं शिवतात, बोटीला किती दिवस लागतात, तिकडं सूर्य किती वाजता मावळतो, जो भेटेल त्याला विचारत सुटलो. दादानं मुळशीत सगळ्यांना सांगून टाकलं. एस.टी.च्या कंडक्टरलाही माहीत होतं. तो माझं तिकीट फाडताना म्हणायचा, विलायतेचं देऊ का मुळशीचं?

मग एके दुपारी काही काम नव्हतं म्हणून मी त्या जुन्या प्लेटी क्रमानं लावल्या. काम नसलं की मला असले उद्योग सुचतात. पहिल्या प्लेटीवर माझ्या सात रेषा ठसठशीत होत्या. दुसरीवर जरा फिक्या. पाचवीवर शोधाव्या लागत होत्या. कथलाच्या बाकीच्या रेषा मात्र पहिलीपासून पाचवीपर्यंत तशाच. हे मी आधीही बघितलं होतं आणि पंप नीट चालत नसेल म्हणून सोडून दिलं होतं. त्या दुपारी सोडवेना. रेषा कथलाच्या असतील तर कांड्या असेपर्यंत त्या राहायला हव्यात. ठिणगीगणिक त्या कमी होतायत म्हणजे जे काही आहे ते कांडीच्या पृष्ठभागावर आहे आणि जळून संपतंय.

चार दिवस मी एकेका मूलद्रव्याच्या याद्या चाळल्या. पाचव्या दिवशी सातही रेषा एका यादीत सापडल्या, एकही इकडची तिकडं नाही. पोटॅशियम! पण कथलावर पोटॅशियम आलं कुठून? हाताचा घाम, काच, स्पिरिट, पंपाचं तेल, सगळं तपासून झालं. शेवटी रसायन विभागातल्या एका मित्राला विचारलं. त्यानं चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "राखेत असतं की भरपूर."

मी कपाळावर हात मारला. अहो, आम्ही मावळातले भातवाले. दर उन्हाळ्यात वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, राब भाजायचा, आणि पाऊस लागला की त्या राखेत बी टाकायचं, म्हणजे रोप जोमानं येतं. हे मी चालायला लागल्यापासून बघत आलो. राखेत दम असतो हे आमच्याकडं कुणालाही विचारा. आणि मी, अणूची सालं काढणारा शहाणा, मऊ कथलाच्या कांड्या चुलीच्या राखेनं घासून घेतल्या, आणि राखेचे कण धातूत रुतून बसतील हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. लेखाची मुद्रितं माझ्या टेबलावर आली होती, तपासून परत धाडायची होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? कळलं असतं चार-पाच वर्षांनी, दुसऱ्या कुणी कथील घेतलं असतं तेव्हा. तोवर मी स्वीडनला जाऊन आलो असतो. तिथं चांगलं काम करीन आणि मग मीच चूक दुरुस्त करीन, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. आठ दिवस मी पुण्यातले सगळे रस्ते तुडवले. जेवण जाईना. खानावळीतला वाढपी विचारायला लागला, की साहेब, आमटी बिघडली का? मला ती जागा हवी होती, एवढंच खरं होतं. दुसरं काही मला तेव्हा तेवढं हवं नव्हतं.

नवव्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन पाचही प्लेटी आणि पोटॅशियमची यादी त्यांच्यापुढं मांडली. मोठा धीर केला असं मुळीच नाही. ते गुपित घेऊन आणखी एक दिवस हिंडवत नव्हतं, म्हणून सांगितलं. सरांनी भिंग घेतलं आणि एकेक रेषा बघितली. मला वाटलं रागावतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. ते एवढंच म्हणाले, "लेख मी मागं घेतो. स्वीडनचं पत्र तुम्ही लिहा." मी लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल दोन सुंदर वाक्यं होती आणि तिसऱ्या वाक्यात ती जागा दुसऱ्या एका उमेदवाराला दिल्याचं कळवलं होतं.

ते पत्र खिशात घालून मी मुळशीला गेलो. दादाला सांगितलं, जायचं रद्द झालं. त्यानं दोन शिव्या हासडल्या, कुणाला ते त्यालाही माहीत नसावं, आणि तो बैलांकडं निघून गेला. वहिनीनं भाकरी वाढली. मी अर्धी खाऊन उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. ती चुलीपुढनं बघत होती. मग तिनं विचारलं, "भावजी, झालं तरी काय? तुमचं काय चुकलं का?"

आता इथं मला वाटेल ते सांगता आलं असतं. साहेबाची मर्जी फिरली म्हणालो असतो तरी तिचा विश्वास बसला असता. पण दोन महिने माझं डोकं नुसतं तापलेलं होतं. खरं बोलायची किंमत मोजून मी मोकळा झालो होतो, आणि त्याचा एक माजच चढला होता म्हणा ना. मी म्हणालो, "त्या कांड्या तुम्ही राखेनं घासल्या ना, त्यानं सगळं गेलं."

हातातला भाकरीचा उंडा वहिनीनं परातीत ठेवला आणि हात धुतले. ते पदराला पुसत तिनं विचारलं, "मला सांगायचं न्हाई व्हय, राख नगं म्हणून?" आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, मलाच ठाऊक नव्हतं, चूक माझीच आहे, तुमची नाही. म्हणालो खरा, पण ते दुसरं वाक्य होतं. पहिलं तिनं ऐकलेलं होतं. त्या पहिल्या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि ते बोलण्याची काडीइतकी गरज नव्हती. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं मी दुसऱ्या धातूंवर काम केलं. पदवी मिळाली, नोकरी लागली, पुष्कळ रेषा मोजल्या, आणि त्यातल्या बहुतेक बरोबर निघाल्या. घरी येणं-जाणं चालू राहिलं. वहिनी पहिल्यासारखीच वागायची, वाढायची, विचारपूस करायची. फक्त माझ्या पिशवीला ती कधी हात लावत नसे. वाटेत आली तर पायानंही सरकवायची नाही, दादाला हाक मारायची.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा तिच्यासाठी लुगडं नेलं होतं. तिनं ते कपाळाला लावून ठेवलं. मग जेवणं झाली. नव्या नोकरीबद्दल दादाला काय काय सांगत मी तिथंच बसलो होतो. वहिनीनं सगळ्यांची ताटं उचलली आणि अंगणात नेली. माझं तेवढं पितळी ताट घेऊन ती परत दारात आली. ती चेष्टा करत असेल म्हणून मी हसायच्या बेतात होतो, पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू आलं नाही.

"भावजी," तिनं विचारलं, "ह्याला राख चालंल न्हवं?"