माझी नणंद आणि तिची जीप

गाडीत बसण्याआधी अर्चना चपला काढायची. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असो की पावसाळ्यात पाय चिखलाने भरलेले असोत, ती अनवाणीच गाडी चालवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "गाडी काय म्हणून राह्यली, हे पायाले समजते. मंधात चप्पल कायले?"

अर्चना माझी नणंद. मी बुलढाण्याहून लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले, तेव्हा आमच्या भागात बीटी कपाशीचं बियाणं नुकतंच आलं होतं. ती विशीतली, मी तिच्याहून थोडी मोठी. मी बी.कॉम. झालेली, ती बारावीनंतर घरीच. पण मामंजी वावरात निघाले की हाक मारायचे ती तिला. बियाणं कोणतं घ्यायचं, वेचणीला बाया किती सांगायच्या, सगळं तिच्याशी बोलत. मी चहाचे कप घेऊन दारात उभी. मला तिचा हेवा वाटायचा. इतका, की जेवताना तिने भाकरी मागितली तर मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पहिल्या वर्षी कपाशी चांगली झाली. मामंजींनी गोठ्याशेजारी बंद पडलेली जुनी पेट्रोल जीप बाहेर काढली. तिचं इंजिन कामातून गेलं होतं. अर्चनाने खामगावच्या मिस्त्रीकडे ठाण मांडून, मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका गाडीचं डिझेल इंजिन तिला बसवून घेतलं. जीप सुरू झाली त्या दिवशी मामंजी गावभर फिरले. चालवत होती अर्चना, शेजारी मामंजी, आणि माझा नवरा मागे.

मग विम्याचा एजंट घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "कागदावर जुनंच इंजिन राहू द्या. बोनट उघडून कोण पाह्यते?"

मामंजी मान डोलावणार, तेवढ्यात अर्चना म्हणाली, "बाबा, उद्या गाडीखाली कोणी आलं तं पयले बोनटच उघडतीन. खोटं लिहून चालोण्यापरीस गाडी उभी राहू द्या."

आणि गाडी खरंच उभी राहिली, ऐन वेचणीच्या दिवसांत. इंजिन बदलल्याची नोंद आधी परिवहन कार्यालयात करायची, मग विमा कंपनीत. दोन्ही बुलढाण्याला. बापलेक एसटीने चकरा मारू लागले. कंपनीतले साहेब विचारायचे, "वय काय तुमचं? घरात दुसरं कोणी चालवणारं नाही का?" ती सांगायची, "चालवणार मीच हाय, तं चालवणाऱ्याचं नाव मायंच ल्याहा."

बुलढाणा माझं माहेर. दिवाळीपासून मला कोणी तिकडे नेलं नव्हतं, आणि ही दर चकरेला माझ्या आईकडे जेवून यायची. एकदा आल्या आल्या म्हणाली, "वैनी, तुयी आई वांग्याची भाजी लय मस्त करते व." मी चुलीकडे तोंड फिरवलं. तिने आईने पाठवलेला डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि मी खाते की नाही ते बघत बसली. त्या दिवशी मला तिचा जितका राग आला तितका पुन्हा कधी आला नाही.

शेवटी विमा झाला, बदललेल्या इंजिनाच्या नोंदीसकट. "एवढ्याशा कागदासाठी केवढा खटाटोप," मी नवऱ्याला ऐकवलं.

पुढच्या वर्षी फवारणी चालू असताना आमचा एक गडी वावरातच चक्कर येऊन पडला. औषध नाकातोंडात गेलं होतं. अर्चनाने त्याला जीपमध्ये घातलं आणि मला म्हणाली, "वैनी, तू मांगं बस. त्याचं डोस्कं धर." तिच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. खामगाव जवळ आलं असताना सायकलवरचे एक म्हातारे गृहस्थ एकाएकी आडवे वळले. तिने ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. त्यांचा पाय मोडला. अर्चना थांबली, तिने त्यांनाही उचलून गाडीत घेतलं आणि दोघांना दवाखान्यात पोचवलं. गडी वाचला.

काही दिवसांनी कंपनीचा माणूस चौकशीला आला. त्याने आधी बोनटच उघडलं. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून बघेपर्यंत मामंजी ओट्यावर घाम पुसत बसले होते. कंपनीने हात वर केले असते तर त्या सायकलवाल्यांच्या पायाची भरपाई द्यायला वावर विकावं लागलं असतं. नंबर जुळला. भरपाई कंपनीने दिली.

"पोरीनं मायं वावर वाचोलं," मामंजी जो भेटेल त्याला सांगायचे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तरी ते ऐकताना मी उठून आत जायचे. गड्याचं डोकं मी वाटभर धरून ठेवलं होतं, ते कोणाच्या बोलण्यात नव्हतं. एक अर्चना तेवढी म्हणायची, "वैनी नसती तं तो हाती लागला नसता." मला तिच्या त्या चांगुलपणाचाही राग यायचा.

त्यानंतर कपाशीने हात दिला नाही. एका वर्षी पावसाने ओढ दिली, दुसऱ्या वर्षी लाल्या रोग पडून पानं करपली. अर्चनाचं लग्न जालन्याकडे ठरलं. एका दुपारी ती वावरातून आली, तर मेहकरचा एक माणूस अंगणात जीपभोवती फिरत होता. मामंजींनी सौदा करून टाकला होता. गाडी त्यांच्या नावावर होती. तिला विचारावं असं कोणालाच सुचलं नव्हतं.

 ती त्या माणसाला म्हणाली, "इंजिन बदलेल हाय, तसं कागदात लिहेल हाय. विमा आपल्या नावावर करून घ्या, मंगच रस्त्यावर काढजा." आणि घरात गेली.

आता तरी मला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. पण जीप वळणाआड गेली तेव्हा मीच दारात उभी राहून रडले.

हळदीच्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. विचारलं, "बाबाचा राग नाई आला?"

"आला ना. पण खरं सांगू वैनी? मले तुयाच राग येत जाय."

"माया? काऊन?"

"तू आली तवापासून. तुयं सारं इथंच राह्यते. हे घर, वावर, बाबा. मी गाडी चालवो तोवर मले वाटे, मायंबी हाय."

 घालत आणलेली वेणी मी सोडली, केस पुन्हा विंचरले आणि पहिल्यापासून घालायला घेतली. ती हललीसुद्धा नाही. बाहेरून हळदीसाठी हाका येत होत्या. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.